शनिवारची शिट्टी

१

“हजर, बाई!”

सोळा वर्षांपूर्वीचा तो आवाज. राजिवड्याच्या मराठी शाळेत, दुसरीच्या वर्गात, अकबर नावाचा एक काटकुळा मुलगा असा ओरडायचा की वरची कौलं हलावीत. शेजारचा पोरगा मासे गरवायला पळालेला असला, तर त्याच्याही नावाला हाच ‘हजर’ म्हणायचा आणि पकडला गेला की हसायचा. मथुराबाईंनी त्यासाठी त्याला दोनदा छडी दिली होती. आता तो आवाज त्यांना नुसताच ऐकू यायचा. त्याच्यामागून रडू येत नव्हतं की हसू येत नव्हतं. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाण्याची नुसती रेघ उरते, तसा तो उरला होता.

मथुराबाई शाळेत शिकवत, आणि शाळा सुटली की राजिवड्यातल्या बायकांना आखातातून आलेली पत्रं वाचून दाखवत. कुणाचा नवरा बेहरिनला, कुणाचा भाऊ कुवेतला. वीस वर्षांत खुशालीची, बारशाची, रुसव्याची किती पत्रं त्यांच्या तोंडून गेली असतील, त्याला गणती नव्हती. अठ्ठावन्न सालच्या त्या ऑगस्टात, एका सोमवारी, खतिजाच्या पडवीत बसून त्यांनी मुंबईच्या एजंटाचं पत्र वाचलं. नेहमीसारखं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा.

“दिनांक सतरा जून रोजी समुद्रातील तेलविहीर अकस्मात उसळली. झडप बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो कामगार अकबर आपली जागा सोडून निवासाच्या बाजूस पळाला. झडप बंद न झाल्याने तराफा जळून बुडाला. सदर कामगार बेपत्ता असून मयत समजण्यात येत आहे.”

खतिजा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. खडा काढला, बाजूला टाकला.

“परत वाचा, बाई.”

मथुराबाईंनी परत वाचलं. ‘पळाला’ हा शब्द त्या घरात दोनदा उच्चारला गेला, आणि दोन्ही वेळा त्यांच्याच आवाजात.

“मौलवीसाहेब म्हणतात, शुक्रवारी गायबाना नमाज वाचू,” खतिजा म्हणाली. मय्यत हाती लागत नाही तेव्हा वाचतात ती नमाज. “मी म्हटलं, थांबा. आधी मला कळू दे. माझा लेक पळाला की नाय?”

“पत्रात तसं लिहिलंय, खतिजा.”

“पत्राला नाय विचारत मी. तुम्हांला विचारते. तुम्ही त्याला दोन वर्षं वर्गात बघितलात.”

मथुराबाईंनी पत्राची मागची बाजू पाहिली. तिथे बारीक अक्षरात साक्षीदारांची दोन नावं होती. पहिलं रावजी, तराफ्यावरचा आचारी. दुसरं नाव वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

अयूब तांडेल. खतिजाचा सख्खा भाऊ.

२

तराफ्यावरची वाचलेली माणसं जुलैत गावी परतली होती. रावजी आता एस.टी. स्टँडजवळच्या खानावळीत कामाला होता. पीठ मळत होता. बाईंना बघून त्यानं पाट सरकवला, पण मळणं थांबवलं नाही.

“मी खेडकडचा, बाई. कुणबी माणूस. मला दर्या कधी कळला नाय, भात तेवढा कळतो. जे दिसलं ते साहेबाला सांगितलं.”

“विहीर उसळली तर काय करायचं, हे तुम्हांला शिकवलं नव्हतं?”

“शिकवलं होतं की! दर शनिवारी शिट्टी व्हायची. आम्ही तिला खोटी शिट्टी म्हणायचो.” रावजी हसला, हसू ओठापाशीच राहिलं. “सगळ्यांनी धावत जाऊन आपापल्या जागी उभं राहायचं. मी चूल विझवायची. मी आपला विझवल्यासारखं करायचो. भात कच्चा राहिला तर शिव्या कोण खाणार? साहेब घड्याळ बघायचा. चार मिनिटं झाली की वही फिरायची, अंगठे उठवायचे, परत कामाला.”

“आणि अकबर?”

“तो चाकापाशी. हे एवढं सुपाएवढं लोखंडी चाक, लांब दांड्याच्या टोकाला. ते फिरवलं की खाली समुद्राच्या तळाशी झडप मिटते, असं म्हणत. मिटताना कुणी बघितली नाय. फिरवलं तर तेल काढायचं काम बंद पडतं ना! म्हणून साहेब म्हणायचा, हात लावू नका, नुसते उभे राहा.”

“म्हणजे चाक कधीच फिरवलं नाही?”

“मी होतो तेवढ्या दिवसांत तरी नाय.”

त्यानं पिठाचा गोळा उलटा केला. “त्या दिवशी मंगळवार. आधी तराफा थरथरला, बैल अंग झाडतो तसा. मग चिखलाचा खांब वर गेला. वास असा की डोळे मिटले. शिट्टी झाली, तर दोघंतिघं हसले, आज शनिवार आहे काय रे म्हणून. तेवढ्यात अकबर माझ्या दारावरनं धावत गेला. झोपायच्या खोल्यांकडे. ‘मामू, मामू’ ओरडत. घाबरला की माणूस आपल्या माणसाला हाक मारतो. मी तसंच सांगितलं साहेबाला.”

“धावताना त्यानं काही उचललं?”

“नाय.”

“काहीच नाही?”

रावजीचे हात पिठात थांबले. खानावळीत कुणीतरी ताटं आपटत होतं. त्याला ते ऐकू येत नसावं.

“तरंगायचे पट्टे माझ्याच दाराला टांगलेले, बाई. सहा होते. मी एक ओढला. अकबर त्या पट्ट्यांना लागूनच गेला, खांदा घासला त्याचा.” त्यानं मान वर केली. “जीव घेऊन पळणारा माणूस पट्टा सोडून जाईल काय?”

३

अकबरची पत्रं खतिजाकडे पत्र्याच्या डब्यात होती. ही सगळी मथुराबाईंनीच वाचून दाखवलेली. पण दुसऱ्यासाठी मोठ्यानं वाचलेलं पत्र आपल्यासाठी वाचलेलं नसतं, हे त्यांना त्या दुपारी कळलं. त्यांनी एकेक पत्र मनातल्या मनात वाचायला घेतलं. आत खतिजा दळत होती. पूर्वी ती जात्यावर गायची; मथुराबाईंना त्यातली एक ओवी पाठ होती.

दर्याच्या पल्याड माझ्या लेकराची चाकरी,
वाऱ्या रे, सांग त्याला, गरम आहे भाकरी.

आता नुसती घरघर ऐकू येत होती.

जानेवारीचं पत्र : ‘शनिवारी शिट्टी झाली की मी चाकावर दोन्ही हात ठेवून उभा राहतो. लोखंड सकाळचं बर्फासारखं लागतं. रावजी म्हणतो, ड्रायव्हर झालास, आता मला खेडला सोड.’

मार्चचं : ‘हात ठेवतो, फिरवत नाही. फिरवून बघावंसं फार वाटतं.’

शेवटचं पत्र सात जूनचं : ‘वारा सुटला आहे. इथे त्याला शिमाल म्हणतात. डोळ्यांत वाळू, दातांत वाळू. आता शनिवारी मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो, शाळेत मथुराबाई उभं करायच्या तसा. बाईंना सांग, त्यांनी ऐकून हसावं.’

वाचून दाखवताना त्या हसल्या होत्या. खतिजाही हसली होती. आज त्यांनी ती ओळ चारदा वाचली. पाच महिने ज्याचे हात चाकावर होते, त्याचे हात जूनमध्ये पाठीमागे का गेले?

त्या तशाच उठून अहमदकडे गेल्या. अहमद तराफ्यावरच्या कोठाराचा मुन्शी. तेविशीचा, अजून मिशीला धार नाही. बापाच्या दुकानात गूळ तोलत होता. मनात आलं, कोठार याच्या ताब्यात. चाकाचं लोखंड यानंच तर कुठे विकलं नसेल?

“अहमद, चाक कुठे होतं?”

पारड्यातला गूळ खाली पडला. त्यानं दुकानाच्या आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, कुणी सांगितलं तुम्हांला?”

“तू सांग.”

“एक चाक दांड्यावर, एक जादा कोठारात, असं यादीत होतं. संकटात लागेल म्हणून. आलं एकच. साहेब म्हणाला, दुसरं पुढच्या बोटीनं येईल, तू सही कर. मी सही केली.” त्याचे डोळे भरले. “दर महिन्याला केली. पाच सह्या. कागदावर दोन चाकं, तराफ्यावर एक.”

“आणि ते एक? ते दांड्यावर होतं?”

“दुसरीकडे कुठे असणार?”

“वारा सुटल्यावर तू पाहिलंस ते?”

अहमदनं पडलेला गूळ उचलून पारड्यात टाकला. म्हणाला, “मी कोठारातनं बाहेर पडत नव्हतो. वाळूनं डोळे यायचे. पण मेच्या शेवटी एकानं माझ्याकडनं ग्रीसचा डबा नेला. दोन गोणपाटंही नेली. होडीसाठी हवीत, म्हणाला.”

“होडीला गोणपाट कशाला?”

“मी नाय विचारलं. त्यांना कसं विचारणार?”

“कोणाला?”

“अयूबमामूंना.”

४

अयूब तांडेल पडवीत जाळं विणत बसला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. राजिवड्यात त्याच्या शब्दावर होड्या सुटत आणि त्याच्या शब्दावर थांबत. तराफ्यावरही पंधरा माणसं त्याच्या हाताखाली होती, आणि अकबरला नोकरीला त्यानंच नेलं होतं. बाईंना बघून तो उठला, चटई पुढे केली.

“बसा, बाई. नसीमा, चाय टाक.”

“अयूबभाई, अकबर पळाला?”

जाळ्याची सुई थांबली. “तो धावला. मी बघितलं ते सांगितलं. पळाला असं मी बोललो नाय. ते साहेबानं लिहिलं.”

“मग धावला कशाला?”

“ते त्याला विचारायला हवं.”

एवढंच. सुई पुन्हा चालू झाली. मथुराबाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. गाठी बरोबर पडत होत्या, अंतर सारखं होतं. या माणसानं खोटं एकही सांगितलं नव्हतं. पण परत आल्यापासून खतिजाच्या पडवीत तो एकदाही बसला नव्हता, हे सगळ्या मोहल्ल्याला दिसत होतं.

त्याची बायको नसीमा चहाचा कप देऊन बाईंना आत घेऊन गेली. बाईंना जागा करायला खाट सरकवू लागली, पण खाट हलेना. खाली काहीतरी लांबलचक, जड अडकलं होतं. गोणपाटात बांधलेलं, काथ्यानं आवळलेलं, तेलाचा उग्र वास.

“हे काय गं?”

“हे सुकाणू!” नसीमानं कपाळाला हात लावला. “होडीचं. मी सवतीपेक्षा याला घाबरते, बाई. पावसाळा आला, होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारली, की हे सुकाणू काढून घरात. तेल लावायचं, गुंडाळायचं, खाटेखाली ठेवायचं. तिथे किनाऱ्यावर ठेवलं तर खारा वारा लोखंड खातो. आणि वर कुणी दांडगा पोरगा वादळात होडी ढकलील. सुकाणूच नसलं तर ढकलील कशी? तांडेलाच्या घरात सुकाणू आलं की गावाच्या जिवाला घोर नाय. ह्यांच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. वारा फिरला की पहिलं सुकाणू…”

पडवीतून जाळं खाली पडल्याचा आवाज आला. अयूब उठून बाहेर चालला होता. पायांत वहाणा नव्हत्या. त्याच्या मागे पाऊस रिपरिपत होता.

“काय झालं ह्यांना?” नसीमा म्हणाली.

मथुराबाईंनी कप खाली ठेवला. सगळं कळलं होतं. आणि काही वाटत नव्हतं. बोट दगडाखाली सापडलं की पहिल्यांदा नुसतं जड लागतं, तसं होतं ते.

५

शुक्रवारी सकाळी खतिजाच्या पडवीत पाचजण जमली. रावजी खानावळीतून सुट्टी काढून आला होता. अहमद खांबाला टेकून उभा होता. अयूब उंबऱ्याबाहेर, पायरीवर बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही. खतिजा दाराशी, डोक्यावर पदर.

“मौलवीसाहेब जुम्म्याआधी विचारायला येतील,” खतिजा म्हणाली. “काय सांगू?”

मथुराबाईंनी पत्रं मांडीवर घेतली. शाळेत गणित समजावतात तशा त्या बोलू लागल्या. दुसरा सूर त्यांना त्या दिवशी सापडला नसता.

“पळणारा माणूस आधी पट्टा घेतो, मग होडीकडे जातो. अकबरनं पट्टा घेतला नाही. होडीकडे न जाता तो झोपायच्या खोल्यांकडे गेला. तिथून समुद्रात उतरायला वाट होती, रावजी?”

“नाय. तिकडे नुसत्या खाटा आणि पेट्या.”

“मग तिथे तो काही आणायला गेला. काय? जानेवारीत लिहितो, हात चाकावर. जूनमध्ये लिहितो, हात पाठीमागे. हात ठेवायला समोर काही राहिलं नव्हतं म्हणून. मेच्या शेवटी वारा सुटला. त्याच आठवड्यात कोठारातून ग्रीस गेलं, गोणपाट गेलं. होडीला ते लागत नाही. लोखंडाची वस्तू काढून, माखून, गुंडाळून ठेवायची असेल तर लागतं.” त्या थांबल्या. “जशी इथे सुकाणं ठेवतात.”

रावजीच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं.

“चाक चोरलं नाही कुणी. जपलं. खारा वारा ते खाईल म्हणून, वाळू आट्यांत जाईल म्हणून. इथे वारा फिरला की होडी बंद असते, मग सुकाणू घरात असलेलंच बरं. तिथे विहीर बंद नव्हती. एवढाच फरक, आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही.”

“पण शनिवारी?” अहमद म्हणाला. “शनिवारी साहेबाला दिसलं नाय?”

“तीन शनिवार, अहमद. एकतीस मे, सात जून, चौदा जून. तिन्ही वेळा अकबर नुसत्या दांड्यासमोर उभा राहिला. साहेबानं घड्याळ बघितलं, चार मिनिटं मोजली, आणि वहीत सगळं ठीक आहे म्हणून लिहिलं. त्या वहीत तुम्हां सगळ्यांचे अंगठे आहेत. चाक फिरवायचंच नसलं, तर ते आहे की नाही हे बघणार कोण? जादा चाक असतं तर तो कोठाराकडे धावला असता. तिथे ते नाही, हेही त्याला ठाऊक असणार.”

“पाच सह्या,” अहमद म्हणाला.

खतिजा हललीसुद्धा नाही. “मग त्यानं साहेबाला सांगितलं का नाय? चाक नाय म्हणून?”

“ज्यानं काढलं, त्याचं नाव सांगावं लागलं असतं,” मथुराबाई म्हणाल्या. “आणि त्याचं तो कधीच सांगणार नव्हता.”

खाली ओट्याजवळ कोंबडी चिखल उकरत होती. खतिजानं सावकाश मान वळवली आणि पायरीवरच्या रुंद पाठीकडे पाहिलं.

“भाई,” ती म्हणाली. “तोंड इकडे कर.”

६

अयूब वळला. त्याचा चेहरा रात्रभर पाण्यात ठेवलेल्या लाकडासारखा दिसत होता.

“बाई बोलल्या ते खरं,” तो म्हणाला. “चाक मीच काढलं. कुणाला विचारलं नाय. अकबरनं बघितलं, म्हणाला, मामू, साहेब ओरडेल. मी म्हटलं, साहेबाला दर्या कळतो काय? वारा उतरला की परत बसवू. तो हसला. म्हणाला, बरं.”

“पुढे,” खतिजा म्हणाली.

“पुढे बाईंनी सांगितलं तेच.”

“नाय. बाई तिथे नव्हत्या. तू होतास.”

मथुराबाईंना आतून काहीतरी आवरून घ्यावंसं वाटलं. त्यांचं गणित पूर्ण झालं होतं. खतिजा त्याच्या पलीकडचं विचारत होती. पलीकडे काही आहे, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

अयूबनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तो त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बघत होता.

“माझं काम होडी सोडायचं. मी होडीत उतरलो होतो. माणसं मोजत होतो. चाक माझ्या पेटीत होतं, पेटीला कुलूप. अकबर खोलीत गेला, पेटी बघितली, परत धावत कठड्यापाशी आला. वरनं चिखल पडत होता. हात पुढे केला त्यानं. म्हणाला, ‘मामू, चावी टाका.’ मी म्हटलं, ‘उडी मार.’ तो म्हणाला, ‘टाका, मामू, अजून होईल.’”

त्यानं उजवी मूठ आवळली.

“चावी माझ्या मुठीत होती, खतिजा. कमरेची सोडून मी हातात घेतली होती. चार हातांवर उभा होता तो, झेलली असती त्यानं. पण ती हातात पडली की तो आत जाणार, हे मला दिसत होतं. मला वाटलं, नाय दिली तर नाइलाजानं उडी मारील. म्हणून मी मूठ उघडली नाय. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि कुलूप फोडायला आत गेला.”